ओंगारच्या घराचा कौल

गुरुनाथ टिकेकरनं एकदा घर बंद केलं की माशीलासुद्धा आत शिरायची सोय उरत नाही! हे आमचं म्हणणं नाही, गुरुनाथचं स्वतःचं आहे. चारचौघांत, छाती पुढं काढून तो हे सांगत असे.

नोकरी चिप बनवायच्या कारखान्यात. तिथं आत जायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर फडकं, हातात मोजे. एखादा केस गळला तरी चौकशी! ती शिस्त त्यानं घरात आणली होती. गावाला निघताना बायको आणि मुलीला आधी गाडीत बसवायचं आणि मग एकट्यानं घराला आतून प्रदक्षिणा घालायची. खिडक्या, नळ, शेगडी, बटणं. बटणांकडे तर तो बघतही नसे. "बघावं लागतं ते नवशिक्यांना. माझ्या हातालाच कळतं!" असं म्हणत तो चालता चालता फटाफट बटणं दाबत सुटायचा. बायको माधवी गाडीत बसून घड्याळ बघायची.

तर अशी प्रदक्षिणा घालून टिकेकर मंडळी त्या शुक्रवारी भल्या सकाळी डब्लिनच्या ओंगारहून किलकेनीला गेली, रविंद्रकडे. रविंद्र गुरुनाथचा शाळेपासूनचा मित्र, तिथल्या इस्पितळात डॉक्टर. साल दोन हजार अठरा, महिना जुलै, आणि आयर्लंडमध्ये चक्क उन्हाळा आला होता! दुकानातले पंखे संपले होते, हिरवळी पिवळ्या पडल्या होत्या, बागेला पाइपनं पाणी घालायला बंदी होती. गोरी माणसं भाजलेल्या वांग्यासारखी दिसायला लागली होती. हवा इतकी दमट की टॉवेल वाळेना. एकटी माधवी तेवढी खुशीत होती. ती वेंगुर्ल्याची. "अगदी आमचा मे महिना!" म्हणत ती घाम पुसत होती.

पण रविवारी दुपारी परत निघाल्यावर ती सारखी घड्याळ बघायला लागली. कारण गुरुनाथलाही ठाऊक होतं. घरमालक डेक्लन रात्री नऊ वाजता उत्तर मागायला येणार होता.

डेक्लनला ते घर विकायचं होतं. दोन वर्षं नीट राहिलेले भाडेकरू म्हणून त्यानं पहिल्यांदा टिकेकरांना विचारलं होतं. घेता का? नाहीतर सोमवारी बोर्ड लागणार. गुरुनाथ एका पायावर तयार होता. डब्लिनमधलं हे त्यांचं पाचवं घर. पाच वेळा खोकी बांधली, पाच वेळा सोडली. नऊ वर्षांच्या वैदेहीनं तीन शाळा बघितल्या होत्या आणि आत्ता कुठं समोरच्या घरातली क्लोडा तिची जिवाभावाची मैत्रीण झाली होती. पुन्हा खोकी आणायची गुरुनाथची तयारी नव्हती.

अडून बसली होती माधवी. "घर चांगलं आहे रे. पण विकत घ्यायचं म्हणजे इथं मूळ धरायचं. आणि हे घर मला आपलं म्हणतच नाही. दही लागत नाही, पीठ आंबत नाही. आपली एक गोष्ट इथं जीव धरत नाही, तर आपण कसा धरणार?"

गुरुनाथकडे चिपचं उत्तर होतं, पिठाचं नव्हतं. वर एक धास्ती होतीच. आधी लूकन भागात एक घर पसंत पडत आलं होतं, तेव्हा शेजारच्या आजीबाई सहज म्हणाल्या, की जुने मालक वारले खरे, पण अजून संध्याकाळी गुलाब बघायला येतात. झालं! माधवीनं गाडीत बसून काच वर केली ती केलीच.

त्यात रविंद्रनं शनिवारी त्यांना किलकेनीतल्या भुतांच्या फेरीला नेलं. काळा झगा घातलेला एक बुवा जुन्या दगडी गल्ल्यांतून हिंडवत होता आणि कुठं कोण जळालं, कुठं कोण अजून कण्हतं, ते दबक्या आवाजात सांगत होता. वैदेही टाळ्या पिटत होती. माधवीनं मात्र गुरुनाथचा दंड असा धरला होता की रविवारीही वळ दिसत होता.

गाडीतला एसी बिघडला होता. आयर्लंडमध्ये तो कधी लावलाच नसल्यामुळे कधी बिघडला हेही कळायला मार्ग नव्हता. तिघं उकडत, चिकटत चालले होते. वाटेत पेट्रोल भरून गुरुनाथ पैसे देऊन आला, तर माधवी गाडीआड उभी राहून वेंगुर्ल्याच्या नंदिनीमावशीशी फोनवर बोलत होती. हळू आवाजात.

"हो गं मावशी, आत ठेवून आलेय. दार लावून घेतलंय... छे, गुरुला नाही सांगितलं! हसत सुटेल... आज गेल्यावर कळेल काय तो कौल. नाही म्हणाला तर नाही. मग विषय संपला."

गुरुनाथ जागच्या जागी थिजला. कौल! माधवीच्या माहेरी देवाला कौल लावल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नसे. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे त्याला माहीत होतं. पण ओंगारमध्ये आत कुणाला ठेवून आली ही? लग्नानंतर पहिल्यांदा वेंगुर्ल्याला गेला तेव्हा मावशीनंच त्याला राखणदाराच्या गोष्टी सांगितल्या होत्या. घराला राखणदार असतो. तो दिसत नाही. पण नाराज झाला की कळतं!

"काय रे, पांढरा का पडलास?" माधवीनं विचारलं.

"ऊन," गुरुनाथ म्हणाला आणि गाडीत बसला.

आठ वाजता ओंगार आलं. ऊन अजून तिरपं होऊन घरांवर पडलं होतं. जुलैत तिथं दहापर्यंत उजेड. पण आळीत चिटपाखरू नव्हतं, बहुतेक समुद्रावर गेलेले. घराचे पडदे ओढलेले. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे आधी गुरुनाथ एकटा आत गेला.

दार उघडलं आणि तोंडावर कोणीतरी श्वास सोडला.

हो, श्वासच! ऊन, दमट आणि आंबूस. घर बंद असलं की हवा कोंडते, हे त्याला समजत होतं. पण कोंडलेली हवा आवाज करत नाही. वरच्या मजल्यावरून आवाज आला, "ब्लुप्". मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, कुणी झोपेत ओठ हलवावेत तसा, "ब्लुप्".

गुरुनाथनं सवयीनं बूट दाराशी काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लास भरला. प्यायला तोंड वर केलं, तेवढ्यात टकलावर काहीतरी पडलं. थेंब. कोमट आणि जाड. त्यानं हात लावून बघितला तर बोटं पांढरी आणि चिकट!

त्यानं मान वर केली. छताच्या पांढऱ्या रंगावर त्याहून ओला, पिवळट डाग पसरला होता. दोन खोल काळपट ठिपके, खाली लांबोडकं तोंड. आणि हनुवटीवरून दुसरा थेंब सावकाश लोंबायला लागला होता.

"आई गं!" गुरुनाथ म्हणाला. म्हणजे म्हणायचा होता, पण आवाज निघाला नाही.

तो बाहेर आला. चेहऱ्यावर त्यानं एक हसू चिकटवलं होतं.

"तुम्ही दोघी जरा बागेत बसा हं. बाहेर काय सुंदर हवा आहे!"

"मला वर जायचंय," माधवी म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? बाथरूमला!"

"क्लोडाकडे जा."

"अरे, स्वतःचं घर समोर असताना मी लोकांकडे बाथरूमला जाऊ? सरक!"

"आत फार उकडतंय. मी खिडक्या उघडतो, घर निवू दे, मग ये. एवढी दहा मिनिटं."

माधवी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून सारखी वर जिन्याकडे जात होती. तिलाही माहीत आहे, गुरुनाथला वाटलं. वर कोण आहे ते तिला माहीत आहे! आणि काही झालं तरी नऊपर्यंत तिला त्याची गाठ पडू द्यायची नाही. एकदा ह्या घरात काही आहे असं तिच्या मनानं घेतलं, की उद्या बोर्ड, परवा खोकी.

"बाबा, देअर्स समवन अपस्टेअर्स," वैदेही दारातून कान देऊन म्हणाली.

"कुणी नाही!"

"आय कॅन हिअर हिम. ही साउंड्स ग्रँड."

मुलीच्या तोंडावर दार लावून गुरुनाथ जिना चढायला लागला. शस्त्र म्हणून हातात पोळपाटाजवळचं लाटणं घेतलं होतं. तोंडानं राम राम राम राम चालू होतं. कॉलेजात हा नास्तिक मंडळाचा चिटणीस होता, पण सध्या तो विषय नको.

वर सगळ्या खोल्यांची दारं त्यानंच लावलेली, त्यामुळे जिन्याच्या माथ्यावर अंधार. समोर हॉट प्रेसचं दार. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आयरिश लोक त्यात टॉवेल ऊबदार ठेवतात. टाकीतलं पाणी तापवायचं विजेचं बटण त्याच्या दाराशेजारी भिंतीवर, त्याला सगळे इमर्शन म्हणतात. घराच्या किल्ल्या देताना डेक्लननं छत गळतं का, शेजारी कसे आहेत, यातलं काही सांगितलं नव्हतं. एकच सांगितलं होतं, की बाबा रे, वाटेल ते कर, पण इमर्शन चालू ठेवून घराबाहेर जाऊ नकोस. सांगताना त्याचा आवाज कापरा झाला होता.

पण गुरुनाथचं आत्ता बटणाकडे कुठलं लक्ष असायला! कपाटाच्या दाराआडून आवाज येत होता. फस्स... थांबायचा... फस्स. कुणीतरी आत बसून सावकाश श्वास घेत होतं.

गुरुनाथनं एक पाऊल पुढं टाकलं आणि उजवा पाय कशात तरी रुतला. ऊन. मऊ. आणि ते पायाखाली हललं!

खाली तो कसा आला हे त्याला आजही सांगता येत नाही. लाटणं मात्र जिन्याच्या कठड्यात अडकलेलं दुसऱ्या दिवशी सापडलं. खाली पोचून त्यानं मागं वळून बघितलं आणि त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. जिन्याच्या निळ्या गालिच्यावर पांढरी पावलं उमटली होती. एकाच पायाची! उजवा, उजवा, उजवा. वरून खाली. आणि शेवटचं पाऊल बरोबर त्याच्या पाठीमागं थांबलं होतं.

गुरुनाथनं एक उडी पुढं मारली. मागं बघितलं. पाऊल एक उडी पुढं आलं होतं!

"बाबा!" वैदेहीनं दारातल्या पत्रपेटीची फट उचलून तिथं डोळा लावला होता. "बाबा, इट्स युअर सॉक!"

गुरुनाथनं मोजा बघितला. ओढून काढला आणि पँटच्या खिशात घातला. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पाऊल आपलं होतं हे ठीक, पण मोज्याला लागलंय ते कुणाचं?

एवढ्यात दार उघडून माधवी आत आलीच. तिच्या मागं वैदेही आणि वैदेहीच्या मागं डेक्लन! अर्ध्या चड्डीत, उन्हानं लालभडक झालेला, हातात आइस्क्रीमचा डबा. लवकर आलो, माफ करा, म्हणाला. घरी फारच उकडत होतं.

बैठकीच्या खोलीत चौघं बसले. डेक्लन हवेबद्दल बोलत होता. गुरुनाथ प्रत्येक "ब्लुप्"ला मोठ्यानं खोकत होता. माधवी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, साडेतीन पावलांत जिना गाठता येईल अशी.

"मग?" डेक्लननं शेवटी विचारलं. "काय ठरलं?"

गुरुनाथनं माधवीकडे बघितलं. माधवीनं छताकडे बघितलं. आणि वरून आवाज आला, "धाड्!" पाठोपाठ काहीतरी धातूचं गडगडत, गरागरा फिरत, हळूहळू थांबलं.

डेक्लननं आइस्क्रीमचा डबा खाली ठेवला.

"वर कुणी पाहुणे आहेत का तुमच्याकडे?" डेक्लननं हळूच विचारलं.

"नाही!" गुरुनाथ ओरडला.

"आहे!" माधवी ओरडली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून जिन्याकडे धावली.

"माधवी, नको! मी तुला सांगणार नव्हतो, पण वर काहीतरी आहे! तू ठेवलेला तो... तो राखणदार... मी ऐकलंय त्याला!"

"राखणदार?" माधवी अर्ध्या जिन्यात थांबली. "गुरु, तू काय बोलतोयस?"

"तू थांब! आधी मी जातो!" आणि काय आश्चर्य, गुरुनाथ टिकेकर, पाय लटपटत असताना, एक पाय अनवाणी असताना, बायकोला मागं सारून खरोखरच पुढं झाला. भीती तर एवढी वाटत होती की डोळ्यांत पाणी आलं होतं. हॉट प्रेसपाशी पोचून त्यानं डोळे मिटले आणि दार ओढलं.

आतून एक पांढरा, ऊन, फसफसणारा गोळा शांतपणे बाहेर आला आणि त्याच्या पावलांवर बसला.

डोळे उघडले तेव्हा माधवी लाकडी फळीवरचं मोठं पातेलं बघत होती. घरातलं सगळ्यांत मोठं! त्याच्या काठावरून इडलीचं पीठ उतू जाऊन टॉवेलांवर, टॉवेलांवरून टाकीच्या लाल पांघरुणावर, तिथून पाइपाच्या भोकातून खाली स्वयंपाकघराच्या छताकडे, अशी त्याची यात्रा चालली होती. वर दाबून ठेवलेली परात आणि त्यावरचा दगडी खल जमिनीवर पडले होते. उरलेलं पीठ अजून संथपणे बुडबुडे काढत होतं.

"गुरुवारी रात्री ठेवलं होतं," माधवी म्हणाली. "म्हटलं, शेवटचं विचारून बघू घराला. आंबलं तर राहायचं, नाही आंबलं तर नाही. शुक्रवारी निघायच्या आधी बघणार होते, तर तू पहाटेच गाडीत कोंबलंस आम्हाला."

"इडलीच्या पिठाला कौल लावलास?"

"हसायचं नाही!"

गुरुनाथ हसण्याच्या स्थितीत नव्हता. त्याच्या पायाची बोटं पिठात होती.

डेक्लन आतापर्यंत पिठाकडे शांतपणे बघत होता. भाडेकरूंच्या कपाटातून काय बाहेर येतं याचं त्याला नवल नसावं. पण मग त्याची नजर भिंतीवर गेली. दाराच्या फटीतून उडालेल्या पिठानं माखलेल्या बटणाशेजारचा बारका लाल दिवा लुकलुकत होता. डेक्लनचा लाल चेहरा पांढरा पडला.

"जीझस, मेरी अँड जोसेफ!" त्यानं छातीवर क्रूस काढला. "इमर्शन! शुक्रवारपासून?"

त्यानं झडप घालून बटण बंद केलं. दिवा एकदा फडफडला आणि पिठात कायमचा विझला.

"आय टर्न्ड इट ऑफ!" वैदेही रडकुंडीला आली. "आफ्टर माय शॉवर, बाबा, आय स्वेअर!"

मुलीनं बंद केलं होतं. मग प्रदक्षिणेत गुरुनाथचा हात बटणावरून फिरला. न बघता! बंद असलेलं बटण दाबलं की काय होतं हे सांगायला चिपचा इंजिनिअर लागत नाही. गुरुनाथनं हात हळूच पाठीमागं नेला. माधवीनं एकदा बटणाकडे बघितलं, एकदा त्याच्या पाठीमागच्या हाताकडे, एकदा त्याच्या अनवाणी पायाकडे. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती, लोकांच्या चुका शोधायचा पगार घेत होती. पण त्या वेळी ती काही बोलली नाही. डेक्लनकडे वळून तिनं डोळे पुसले.

"घर घेतलं," ती म्हणाली. "इतका ढळढळीत कौल आमच्या देवानंही कधी दिला नव्हता."

सही झाली, आइस्क्रीम खाल्लं गेलं, छत रंगवून झालं. आणि हिवाळा आला.

इथून पुढं गुरुनाथचे हाल सुरू झाले. दर शुक्रवारी माधवी हौसेनं पीठ वाटून हॉट प्रेसमध्ये ठेवी. घर आपलं झालं होतं ना! पण कौल घरानं दिला नसून इमर्शननं दिला होता, हे गुरुनाथच्या पोटात होतं. तिला कळलं तर तिचं मन पुन्हा उडेल. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी तो चोरपावलांनी वर जाऊन बटण दाबी आणि शनिवारी पहाटे पुन्हा दाबून येई. लाल दिवा तर मेलेलाच. पण त्याच्या हाताला कळत होतं!

तरी पीठ काही आंबेना. शनिवारी सकाळी पातेलं जसंच्या तसं, थंडगार. चार शुक्रवार असे गेले. माधवी इडल्यांच्या ऐवजी धिरडी घालत होती. गुरुनाथची झोप उडाली. घरानं शब्द फिरवला की काय? बटण चालू करूनही टाकी तापू नये? घरात खरंच कुणी आहे?

डिसेंबरातला शुक्रवार, संध्याकाळचे पाच, बाहेर मिट्ट काळोख. गुरुनाथ आज जरा लवकरच, दिवा न लावता जिना चढला. हॉट प्रेसपाशी जाऊन त्यानं भिंतीवर हात टेकला.

बटणावर आधीच एक हात होता. गार!

दोघं एकदमच किंचाळले. समोरून क्लोडाची आई खिडकीत आली म्हणतात. गुरुनाथनं चाचपडत दिवा लावला तर माधवी भिंतीला टेकून, छातीवर हात ठेवून उभी.

"तू इथं काय करतोयस?"

"मी... टॉवेल. तू काय करतेस?"

"इमर्शन चालू करतेय," ती म्हणाली. "दर शुक्रवारी करते, सकाळी बंद करते. पीठ आंबायला नको? तुला वाटतं तसा कौल मला खरा वाटला होता की काय? त्याच वेळी कळलं होतं कुणाचा हात फिरला ते!"

"मग हो का म्हणालीस?"

"म्हणजे काय! आत भूत आहे असं वाटत असताना तू मला मागं सारून पुढं गेलास. तुझा पाय असा लटपटत होता, गुरु! आणखी कुठला कौल हवा होता मला?" मग तिनं नाक पुसलं आणि ती नेहमीसारखी झाली. "ते जाऊ दे. मी दर वेळी आठवणीनं चालू करते, तरी हे मेलं पीठ आंबत का नाही?"

गुरुनाथ आपल्या हाताकडे बघत राहिला.

"तू किती वाजता चालू करतेस?" त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"पाचला. का?"

"काही नाही," गुरुनाथ म्हणाला. "मी सव्वापाचला करतो."